वासराचा न चमकणारा डोळा

४ मार्च १९८१
ज्याच्या पापणीच्या उघडझापीने दिवस-रात्र होतात, त्याच्या कृपेने प्रारंभ. विषय अमंगळ आहे, म्हणून नमन आधी.

भाचा यादव आला. डोळ्यांचा डॉक्टर, डुकराच्या डोळ्यांवर रिसर्च करतो. म्हणाला, "मामा, मोतीबिंदू पिकलाय. आता ऑपरेशन टाळलंत तर श्रावणात भागवत वाचायला दुसरं कोणी बसेल." त्या आसनावर मी तेहतीस वर्षे बसतो. माझी दृष्टी उत्तम आहे. हल्ली छापखाने शाई कमी घालतात.

त्याचे म्हणणे, डुकराचा डोळा माणसाएवढाच, बाहुली तशीच गोल. भिंग काढण्याचा सराव तो त्यावरच करतो. गाईचा डोळा उजेड पडला की अंधारात चमकतो. डुकराचा नाही, माणसाचाही नाही. त्याने उंबऱ्यापाशी ठेवलेल्या फ्लास्कमध्ये काय होते ते कळल्यावर मी दोनदा स्नान केले.

संकल्प : तो हात माझ्या डोळ्याला लागणार नाही.

५ मार्च, पहाटे
गोग्रास घातला. मागच्या बोळातले काळे वासरू दोन वर्षे नेमाने येते. पोळी-गूळ घेऊन गंभीर हुंकार देते. प्रणवच तो. सूनबाई कमळा तोंडाला पदर लावून उभी असते. भाविक आहे.

११ मार्च, पहाटे
बॅटरी नेली. वासराच्या डोळ्यावर प्रकाश टाकला. मुळीच चमकला नाही. यादवचा रिसर्च साफ चुकीचा. पोस्टकार्ड टाकले.

१७ मार्च
यादवचे उत्तर. सूनबाईने वाचून दाखवले : "मामा, निरीक्षण अचूक. प्राणी पुन्हा एकदा बघा." पहिले वाक्य पुरेसे आहे.

२ एप्रिल
देवळात वाचनाची तालीम. दोन अध्याय अस्खलित झाले. मग विश्वस्त सहादू (सातपूरच्या कारखान्यात मशीनवर असतो) उठला आणि माझ्यापुढची पोथी उलटी होती ती सुलटी करून ठेवली. हसला असता तर बरे झाले असते.

३ एप्रिल
रात्रभर चिंतन. वराहाने समुद्रतळातून पृथ्वी शोधून काढली. एवढ्या गढूळ पाण्यात ती दिसली, म्हणजे नेत्र निर्दोष. शास्त्राधार मिळाला. यादवला अनुमती कळवली. तो खूश होईलच. अर्थात अनुमती माझी आहे.

८ जून
यादवने केलेल्या ऑपरेशननंतरचा जाड भिंगांचा चष्मा काल आला. पोथीची शाई पूर्वीइतकीच काळी आहे. सूनबाईचे केस पांढरे झाले आहेत, हे कोणी सांगितले नव्हते.

आज पहाटे गोग्रास घेऊन गेलो. त्याला शिंगे नाहीत. नाक चपटे. ते डुक्कर आहे.

सूनबाईला विचारले. म्हणाली, "मामंजी, पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, सूनबाई, डोळे तपासून घ्या."

संकल्प : उद्यापासून बंद.

९ जून, पहाटे
दार उघडले. ते बसलेले होते. प्रथमच जवळून पाहिले. पापण्यांना केस, बाहुली गोल. त्याने मला लगेच ओळखले. गेली दोन वर्षे ओळखतच असावे.

पोळी-गूळ ठेवला. गोग्रास म्हणून नव्हे, गुरुदक्षिणा म्हणून. सूनबाईने आज पदर लावला नाही, सरळ हसली.

श्रावणाला दोन महिने आहेत. ही वही कोणी वाचायची नाही. तरीही जो वाचील, त्याला समोर उभा असलेला जीव वेळेवर दिसो, आणि त्याच्या पानातला घास कोणाच्या तरी मुखी लागो.