पहिल्या रांगेतली खुर्ची

म्हाताऱ्या,

तालमीला जातेय. सूप गॅसवर आहे, गरम करून घे, आळशासारखं गारच पिऊ नकोस. लोकांना माझं नवं जॅझ नकोय, आजही तीच ब्लूजची, रडक्या विरहगाण्यांची जुनी रेकॉर्ड अख्खी गायचीय. जीव विटलाय. तू मला सोडून गेलास तेव्हा ती गाणी रडत रडत गायले होते. सहा महिन्यांत तू परत आलास, गाणी मात्र चाळीस वर्षं गळ्यात पडलीत.

मागच्या खेपेला तू पहिल्या रांगेत घोरत होतास आणि ‘तू गेलास’ ही ओळ गाताना मला हसू फुटलं. तेव्हापासून तुला कार्यक्रमाला बंदी.

आज मात्र कार्यक्रमाला ये. दवाखान्यातून आलेला तुझा रिपोर्ट मी काल उघडून वाचला. कार्यक्रमानंतर बोलू.

अगदी समोर बस. आज हसू येणार नाही.