चेंडू गव्हाभर सरकला

आपली वाडी (आंजीच्या पलीकडची),
ता. जि. वर्धा
कार्तिक वद्य पंचमी

आदरणीय बंडोपंत गुरुजी यांस, शेजारच्या वावरातून अण्णाजीचा रामराम.

आधी तब्येती. तुमचा उजवा गुडघा कसा आहे? (डावा ठीक असणार, त्याचं नाव तुम्ही कधी काढत नाही.) सुनीतीवहिनींची साखर उतरली का, की दवाखान्याच्या वाटेवर लागणाऱ्या जिलबीच्या दुकानाशी अजून त्यांचा घरोबा आहे? अर्णवच्या पाठीचं काय? दिवसभर खुर्चीत बसून पाठ दुखते असं मी आमच्या मंडळींना, जयवंताला सांगितलं, तर ती म्हणाली, निंदायला पाठवा, म्हणजे दुसरं काहीतरी दुखेल. वेदश्रीची डॉक्टरकीची परीक्षा झाली का? मागच्या वेळी तिनं माझी नाडी धरून असा चेहरा केला होता की तेव्हापासून मला चढ चढवत नाही. पास झाली का ते कळवा, म्हणजे तो चेहरा खरा धरायचा की नाही ते ठरवीन. इकडे जयवंताचं तोंड सोडून सगळं दुखतं. (तिचा चष्मा मोडला आहे, म्हणून हे लिहायची हिंमत.)

गुरुजी, आमच्याकडून तुमची सावंगी एसटीनं अर्ध्या तासावर, आणि पत्राला चार दिवस लागतात. तरी पत्रच लिहितो आहे, कारण एक गोष्ट अशी आहे की ती तुमच्या तोंडाकडे पाहून सांगणं मला जमणार नाही. ती शेवटी सांगतो. आधी रोशनचं ऐका, त्याशिवाय ती समजायची नाही.

रोशन म्हणजे आमच्या मोहिनीचा थोरला. मोहिनी पुलगावला दिलेली, जावई तिथं साहेब लोकांच्या गोल्फच्या मैदानावर गवत कापतात. पोरगं त्या गवतावरच रांगलं आणि वाकड्या काठीनं चेंडू हाणत मोठं झालं. हाणत हाणत थेट परदेशात पोचलं, त्या मोठ्या स्पर्धांमध्ये, जिथं कुस्ती, पोहणं, धावणं अशा सगळ्या खेळांची एकच जत्रा भरते आणि देशोदेशीचे लोक येतात. त्यात पुरुषांचा वैयक्तिक गोल्फ, आणि त्यात आपला नातू. वैयक्तिक म्हणजे चुकलं तर दोष द्यायला दुसरं कोणी नाही. (आपल्याकडे हा खेळ का रुजला नाही, ते एवढ्यावरून कळतं.)

बातमी आली त्या दिवसापासून अंकुशराव कामाला लागले. खताचं दुकान चालवतात आणि येत्या निवडणुकीला उभे आहेत ते अंकुशराव. स्पर्धा सुरू व्हायच्या दोन दिवस आधीच त्यांनी चौकात फ्लेक्स लावला. त्यावर रोशनच्या गळ्यात सुवर्णपदक घालून ठेवलं होतं. (पदक कुठल्या तरी पैलवानाच्या फोटोतून कापलेलं, त्याच्या छातीचे केससुद्धा आले होते.) खाली शुभेच्छा देणारे चौदा चेहरे, आणि सगळ्यांत मोठा चेहरा अंकुशरावांचा. रोशन त्यांच्या मिशीएवढा.

पंचायतीच्या सभागृहात टीव्ही लावला. मला फेटा बांधून पहिल्या खुर्चीत बसवलं. खेळ चार दिवसांचा. चेंडू एवढासा, भोक त्याहून जरा मोठं, दोहोंच्या मध्ये पाव कोस जमीन, अशी अठरा भोकं. एका माणसाला चौदा काठ्या. (ढोरं राखणाऱ्या गायकीला एकीत भागतं.) जितके फटके कमी तितका माणूस वरचा, हे रोशनच्या बहिणीनं, काजलनं, पहिल्याच दिवशी समजावलं, तेव्हा दिवसभर पारावर बसणाऱ्या आमच्या बंडूजींना फार आनंद झाला. कमीत कमी काम करणारा पहिला, असा खेळ असतो हे त्यांना आजवर कोणी सांगितलंच नव्हतं. टीव्हीतले लोक बोलायचे तेही तेरवीला आल्यासारखं हळू. शेजारची रुख्माबाई दोन तास डोळे फाडून पाहत होती. शेवटी म्हणाली, "एवढं हिरवंगार गवत, अन् एकबी ढोर नाई. पाप लागन या लोकायले."

चौथ्या दिवशी रोशन तिसऱ्या जागेवर चालला होता. गुरुजी, तिसरा म्हणजे पदक, आणि गावाच्या हिशेबानं पदक म्हणजे सरकारी नोकरी. मोहिनी देवापुढे बसून होती. तीन भोकं राहिली तेव्हा पोराचा चेंडू उंच गवतात गेला. तो काठी घेऊन उभा राहिला, काठी चेंडूमागे टेकवली, आणि थांबला. मग हात वर केला, पंचाला बोलावलं आणि काहीतरी सांगितलं. चेंडू उचलून बोटभरही नाही अशा अंतरावर परत ठेवला, आणि खेळला. आम्हाला वाटलं, चेंडूला माती लागली असेल. काजलनं फोनवर पाहून सांगितलं की काठी टेकवताना गवत दबलं आणि चेंडू गव्हाच्या दाण्याइतका सरकला. पंचानं पाहिलं नव्हतं, सोबतच्या खेळाडूनं पाहिलं नव्हतं, कॅमेऱ्यात दिसलं नव्हतं. पोरानं स्वतःच सांगितलं. नियम असा की चेंडू होता तिथं परत ठेवायचा आणि वर एक फटका दंड.

एका फटक्यानं चौथा आला. दंड नसता तर बरोबरी झाली असती आणि एक भोक जास्तीचं खेळून निकाल लागला असता. पण गावानं मात्र स्वतःच्या कपाटातलं पदक चोरीला गेल्यासारखं धरलं.

अंकुशराव उठून उभे राहिले आणि टीव्हीलाच विचारलं, "अबे, कोणी पाह्यलं होतं का? मंग सांगतलं काऊन?"

त्या दिवसापासून गावात दुसरा विषय नाही. ज्याच्या विहिरीवरची मोटर सात वर्षं तारेवर आकडा टाकून चालते, तो म्हणाला, पोराला व्यवहार कळत नाही. ज्यानं बापाला कागदोपत्री भूमिहीन करून घरकुल घेतलं, तो म्हणाला, संस्कार कमी पडले. जे मास्तर गुरुवारी शाळेत येऊन आठवड्याच्या सह्या करतात, त्यांनी देशाची मान कशी खाली गेली यावर अर्धा तास भाषण दिलं. सत्काराची शाल परत दुकानात गेली. नारळ तेवढा फोडला होता, तो वाटून खाल्ला. आणि फ्लेक्सचं काय झालं म्हणाल, तर अंकुशरावांनी रोशनच्या जागेवर कागद चिकटवून स्वतःच्या वाढदिवसाला तोच वापरला. वारा आला की कागद उडतो आणि खालून पोरगं हसताना दिसतं.

खोटं कशाला सांगू, मीही घुश्शात होतो. फेटा उतरवताना लोकांच्या नजरा पाहिल्या आणि मनात म्हटलं, एक गव्हाचा दाणा, त्यानं एवढं काय आभाळ कोसळत होतं?

मागच्या आठवड्यात रोशन आला. फुलांचा हार नाही की डीजे नाही, एसटीतून उतरला आणि बॅग खांद्यावर टाकून चालत घरी. जयवंतानं भाकर-बेसन वाढलं. मी थोडा वेळ इकडचं तिकडचं बोललो आणि मग विचारलंच, "बाबू, एवढ्या दुनियेत कोणालेच दिसलं नव्हतं, तरी तू काऊन सांगतलं?"

त्यानं घास खाली ठेवला. म्हणाला, "आबाजी, तुमीच तं शिकवलं. मी आठ वर्षांचा होतो, वावराच्या हद्दीवर, धुऱ्यावर नेलतं मले. तुमी म्हटलं, धुऱ्याचा दगड सरकला तं पाहणारा असो का नसो, सरकला तो सरकला."

गुरुजी, मला असा ठसका लागला की जयवंतानं पाठ बडवली. पोराला वाटलं, आजोबांना गहिवरून आलं. त्यानं उठून मला पाणी दिलं, पायाला हात लावला, आणि मी तो लावू दिला.

बाकी क्षेम. कापसाची दुसरी वेचणी चालू आहे, तुरीला फूल बरं आहे. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमचा,
अण्णाजी

ता.क. – ते शिकवलं ते पूर्वेच्या धुऱ्यावर. तिकडचा शेजारी दरसाल आमच्यात घुसायचा, त्या रागात माझ्या तोंडून वेद निघाले. पश्चिमेला तुमचं वावर आहे. तुम्ही सावंगीला राहायला गेलात आणि वावराची देखरेख विश्वासानं माझ्याकडे दिलीत, त्याला अकरा वर्षं झाली. ठेक्यानं करणारा दर दोन वर्षांनी बदलतो, त्याला दगड कुठं होता ते काय माहीत. दरसाल वखरणीच्या वेळी तो दगड एकेक वीत तुमच्याकडे सरकला. (पाहा, अजूनही 'सरकला' लिहितो आहे. सरकवला. मी.) अकरा विती म्हणजे कपाशीचे दोन तास, दोन ओळी. येत्या रविवारी टेप घेऊन या. दगड होता तिथं ठेवू, आणि वर दंड म्हणून माझा एक तास तुमच्याकडे. नियम नातवाचा आहे.

दुसरा ता.क. – त्या तीन तासांवर सध्या माझी तूर उभी आहे. तेवढी काढून घेतली तर चालेल का? नियमात याबद्दल काही आहे का, ते काजलला विचारलं. तिनं फोन ठेवून दिला.

तिसरा ता.क. – पाकीट चिकटवायच्या आधी पत्र जयवंताला वाचून दाखवलं. (तिच्या तोंडाबद्दलचं वाक्य वगळून.) मला वाटलं होतं ती रागावेल, निदान तोंडाला पदर लावेल. ती कापसातला कचरा वेचत होती, मान वर केली नाही. म्हणाली, "शिदोरी घेऊन येत होती मी दरसाल. मले काय दिसत नव्हतं? तुमी कवा सांगता, तेच पाहून राह्यली होती." आणि कचऱ्याची काडी बाजूला टाकत म्हणाली, "गुरुजीलेबी माईत असन."

तेव्हापासून झोप नाही. मागच्या हुरड्याला तुम्ही त्याच दगडावर बसला होता. कणीस चोळता चोळता विचारलंत, "अण्णाजी, हा दगड पूर्वी बोरीच्या सावलीत असायचा ना?" आणि मी म्हणालो, दगड तिथंच आहे गुरुजी, सावली सरकली. तुम्ही "असेल, असेल" म्हणालात आणि आणखी हुरडा मागितलात.

गुरुजी, तेव्हा तुम्हाला माहीत होतं का? रविवारी यायचं की नाही ते नंतर ठरवा, गुडघ्याचंही नंतर कळवा. आधी एवढंच लिहा, आणि परतीच्या टपालानं लिहा.