उजव्या बाजूचा मृदंग

प्रिय वेंकू,

टक्. आधी तो आवाज. मग सुई टेकल्याची बारीक खरखर, मग तंबोरा. दर शनिवारी दुपारी माझ्या घरचा अँप्लिफायर तू चालू करायचास आणि मी डोळे मिटायचो. मैफल सुरू झाली, हे मला त्या आवाजावरून कळायचं.

आज लिहायला बसलो, कारण तुझ्या कानात सांगितलेलं वाया गेलं. शेवटच्या दिवशी तुझ्या उजव्या अंगाला बसून मी आपली कविता म्हटली. तंजावरच्या शाळेत बाकावर ताल धरून म्हणायचो, तीच. एका कडव्यावर अडलो, तर मागे जाऊन पुन्हा म्हटली. तुझे डोळे मिटलेले. वाटलं, ऐकतोयस. परवा मन्नीला, तुझ्या कावेरीला, मी हे सांगितलं, तर ती पदर तोंडाशी नेऊन म्हणाली, "अय्यो भावजी, त्या कानात म्हटलीत? तो कान तर रंगूनलाच निकामी झाला की, तापात."

रंगूनला! म्हणजे तिथली नोकरी सोडून तू मद्रासला परतलास त्याच्याही आधी. मैलापूरच्या तळ्याभोवती आपण इतकी वर्षं फिरलो. तू मला कायम तुझ्या डावीकडे ठेवायचास आणि मी समजायचो, सायकली-मोटारींपासून मला जपतोयस.

आणि तो अँप्लिफायर? आठवतं का रे माउंट रोडचं ते दुकान? किती शनिवार आपण तिथे जात होतो! शेवटी दोनच उरले. एक इथेच मद्रासला कुणीतरी हाताने जोडलेला, साधा, दोन बटणांचा. त्याचे व्हॉल्व्ह तापले, दुकानदाराने त्याची आवडती स्टिरिओ रेकॉर्ड लावली, आणि डावीकडून व्हायोलिन आलं, उजवीकडून मृदंग. मधे जी मोकळी जागा राहिली, तिथे मला गायनसभेचा अख्खा मंच दिसला. मी म्हटलं, हाच. तू नाक मुरडलंस. यात मृदंग दबतो, म्हणालास.

दुसरा सिंगापूरहून आलेला, बटणांनी भरलेला. त्याचा एक खटका दाबून तू मान डोलावलीस. मला तो आवाज भिंतीवरच्या चित्रासारखा सपाट वाटला. तसं मी बोललोही. त्यावर दुकानदारासमोर तू म्हणालास, "शामण्णा, तू कवितेचा माणूस. यंत्रातलं तुला काय कळतं?"

दुकानदार हसला. मीही हसलो आणि तू म्हणालास तोच घरी आणला. वर तुझं फर्मान, चालू-बंद कर, आवाज कमी-जास्त कर, बाकी कशाला हात लावायचा नाही. मी लावला नाही, वेंकू. तू नसताना रेकॉर्ड ऐकली तरी लावला नाही. तुझा कान माझ्यापेक्षा तयार, असं मीच सगळ्यांना सांगत सुटलो होतो ना!

काल चष्मा लावून, तू दुकानात दाबला होतास त्या खटक्यापाशी वाकलो. एका बाजूला लिहिलंय स्टिरिओ, दुसऱ्या बाजूला मोनो. खटका मोनोवर. म्हणजे दोन्हीकडचं वादन एकत्र कालवून दोन्ही स्पीकरांतून सारखंच सोडायचं. तुझ्या एका कानातून काही निसटू नये म्हणून! मी तो स्टिरिओकडे दाबला. टक्. आणि मृदंग उठून उजवीकडे जाऊन बसला.

आपले गुरुजी सांगायचे, श्लोकात यती सांभाळा, मधे श्वासाला जागा ठेवा, नाहीतर शब्द एकमेकांच्या अंगावर पडतात. इतकी वर्षं तू मला यती नसलेला श्लोक ऐकवलास. आणि मी त्याला वाहवा देत राहिलो.

एकदा सांगायचं होतंस. मीच म्हटलं असतं, मोनोवर ठेव, बाबा. दुकानातून तो खटका असलेलाच शोधून आणला असता. तुला माझी कीव नको होती, हे समजतं. पण मी कीव करीन, हे तू कशावरून ठरवलंस? सगळ्या जगात एकच गोष्ट आपण दोघं अगदी सारखी ऐकतो, असं मला वाटायचं. ती सारखी ऐकू यावी म्हणून माझ्या वाटणीचा अर्धा भाग तू न विचारता काढून घेतलास.

रागावलोय मी. कालपासून रेकॉर्ड तीनदा उलटीपालटी करून ऐकली आणि प्रत्येक वेळी तुझ्या रिकाम्या खुर्चीकडे पाठ केली.

तर तुला वचन देतो. तो खटका आता आहे तिथेच, स्टिरिओवरच राहील. उरलेले शनिवार मी दोन्ही कानांनी ऐकणार.

तुझाच,
शामण्णा

ता. क. सही केली आणि दार वाजलं. मन्नी. तू गेल्यापासून उंबरा न ओलांडलेली, आणि या घरी शनिवारी कधीच न आलेली. पाणीही नको म्हणाली. तुझ्या खुर्चीपाशी उभी आहे, बसावं की नाही ते तिला कळत नाहीये. म्हणाली, "इथून आले की जेवताना ताटावर बोटं वाजवत राहायचे. काय ऐकून यायचे, ते मला ऐकायचंय भावजी. त्यांना ऐकू यायचं, तस्संच लावा."

वचनाची शाई वाळायची आहे अजून, वेंकू. मी उठतो.