रंगाचे तीन हात आणि बाबांची गाडी

ती. ताईस,

वाकून नमस्कार. (वाकून हे रीत म्हणून लिहिलेलं नाही. आठवडाभर डॅशबोर्डखाली डोकं घातल्यामुळे मी सध्या याच आकारात असतो.) तुझा गुडघा कसा आहे? भाऊजींचा खोकला आणि भाऊजींची मतं, दोन्ही कमी झाली असतील अशी आशा आहे.

हे पत्र ज्या टेबलावर लिहितो आहे ते टेबल मी केलेलं, खुर्ची मी केलेली (तिचा पाय आखूड नाही, फरशी तिथे खोल आहे), समोरचा दिवा, दिव्याचा खटका, पुस्तकांचं कपाट आणि त्याचं न लागणारं दारही मीच केलेलं. यातलं काहीही मला कुणी शिकवलेलं नाही, हे आमची ही येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते. कौतुकानेच सांगत असावी.

तेव्हा मागच्या भेटीत तू म्हणालीस, "बाबांची गाडी रविवारपर्यंत स्वतःच्या चाकांवर माझ्या दारात आली तर तुझी, नाहीतर विकून निम्मे-निम्मे," त्या वेळी भाऊजी का हसले ते मला कळलं नाही. इंजिन मी बसवलं होतं. बॉडीला रंगाचे तीन हात दिले होते, प्रत्येक हातानंतर बारीक पॉलिश पेपरने घासून. फटी, खाचा, बोल्टची भोकंसुद्धा सोडली नव्हती. राहिला होता फक्त फ्यूजचा डबा. जुना वितळून दगड झाला होता, म्हणून नवा आणला. जुन्या वायरींचे रंग उडून सगळ्या एकाच मातकट रंगाच्या झालेल्या, म्हणून सोडवण्याआधी प्रत्येकीला चिठ्ठी बांधली. गाडीपुढे लग्नातल्या आहेरासारखा पसारा पडला होता, पण चूक एकही नव्हती. हे मी आजही छातीठोकपणे सांगतो.

सगळं जोडून हिला स्टिअरिंगवर बसवलं, मी पुढे उभा राहिलो. हेडलाइट लाव म्हटलं, तर दिवे आजाऱ्याच्या खोलीत असावेत तसे लालसर लागले आणि वायपरने एकदा मान हलवली. डावा इंडिकेटर लाव म्हटलं, तर दोन्ही बाजूंचे मिणमिणले आणि हेडलाइटही त्यांच्या सुरात सूर मिसळू लागले. हॉर्न दाब म्हटलं, तर हॉर्न सोडून बाकी सगळ्यांनी ओ दिली.

"काय दिसतं तिथून?" मी विचारलं.

"तुम्ही दिसताय," ही म्हणाली. "चिडलेले."

मग मी पद्धतशीर संशय घेतला. आधी फ्यूजवर, मग डब्यावर, मग बॅटरीवर, मग वायर बनवणाऱ्यांच्या प्रामाणिकपणावर. डबा काढला, बसवला, पुन्हा काढला. संशय घ्यायला कुणी उरलं नाही तेव्हा टेस्टिंगचा दिवा काढला. (छोटा बल्ब, दोन वायरी. मीच केलेला.) ताई, वीज जाते तशी तिला परतही यावं लागतं, या गाडीत ती पत्र्यातून परत येते, आणि पुढच्या सगळ्या वायरींची परतीची वाट एकाच बोल्टवरून आहे. एक टोक मी फ्यूजवर धरलं, दुसरं हिला त्या बोल्टवर धरायला सांगितलं. बल्ब मेलेला. कंटाळून हिने ते टोक बोल्टच्या खाली, माझा हात पोहोचला नव्हता अशा एका उघड्या पत्र्याच्या कोपऱ्यात टेकवलं. बल्ब लख्ख.

"इथे रंग नाही," ही म्हणाली, "तिथे आहे." एवढं बोलून ती दूध बघायला आत गेली. माणसाने इतकं थोडक्यात बोलू नये.

म्हणजे वीज परत यायला तयार होती, पण दारात माझे तीन हात आडवे होते. बोल्टखालच्या नाण्याएवढ्या जागेवरचा रंग मी पॉलिश पेपरने खरवडला. (रंग सहजासहजी निघाला नाही, याची नोंद घ्यावी.) बोल्ट आवळला, खटके दाबले. दिवे भिंतीवर स्वच्छ पडले, वायपर शहाण्यासारखा फिरला. शेवटी हॉर्न दाबला. तोच आवाज. बाबा फाटकाशी दोनदा वाजवायचे आणि आपण रेडिओ बंद करून पुस्तकं उघडायचो, तोच. गाडीला हात लावायची मला बंदी होती हे तुला आठवत असेल. मी चटकन हातातला पाना पाठीमागे लपवला. पन्नाशीच्या माणसाने असं करू नये, पण गॅरेजात कुणी नव्हतं.

तर रविवारी दुपारी आम्ही येतो आहोत. दोनदा वाजवीन.

तुझा,
धाकटा

ता. क. भाऊजींना त्यांची गाडी फाटकातून काढून ठेवायला सांग, आणि अंगणातून मागच्या गल्लीत जाणारं दारही उघडं ठेव. आपली गाडी मागे जात नाही. हा वायरिंगचा प्रश्न नाही.

ता. क. २. सगळ्या वायरी बाहेर लोंबत होत्या त्या दिवशी जुन्या गाड्या जमवणारा एक गृहस्थ आला होता. रंगावरून बोट फिरवून बराच वेळ उभा राहिला. आहे तशी, ओढून नेतो म्हणाला. अट एकच, मी यापुढे तिला हात लावायचा नाही. तुला विचारायला हवं होतं, निम्मी तुझी आहे. मी आपल्या दोघांच्या वतीने नाही म्हणून टाकलं. रक्कम चार लाख दहा हजार.