वाफेत न टिकणारी पट्टी

सोमवार, ४ मार्च

गोळी बंद! डॉक्टरीणबाईंनी आज चिठ्ठीवर सरळ काट मारली.

चूक माझीच. तीन वर्षं इस्ट्रोजेनची गोळी घेतेय आणि बाबांच्या पायात रक्ताची गुठळी झाली होती हे कधी सांगितलंच नाही. आज बोलता बोलता निघालं. त्यांनी पेन खाली ठेवलं. "हे आज सांगताय?" मग नीट समजावलं — गिळलेली गोळी आधी यकृतातून जाते, तिथे रक्त गोठण्याचा धोका वाढतो. तेच औषध कातडीतून गेलं तर यकृताला वळसा पडतो. बेचाळीस वय, घरात गुठळी झालेली. उगाच विषाची परीक्षा कशाला?

मला मात्र एकच शब्द ऐकू येत होता. बंद. विचारलं, "म्हणजे संपलं?"

त्या हसल्या. "रस्ता बदलायचाय बाई, गाव तेच आहे."

बाई म्हणाल्या. घरी येईपर्यंत तेवढंच घोळवत होते.

गुरुवार, ७ मार्च

पट्टी लावली. कमरेखाली, डावीकडे. टपाल तिकिटाएवढी, आरपार दिसणारी. आठवड्यातून दोनदा बदलायची, दर वेळी जागा नवी. धाकटीने — माझी बहीणच ती, प्रत्येक गोष्टीवर मत असतं तिचं — उलटीपालटी करून पाहिली. "एवढीशी? ही काय दिवे लावणार!"

मला आवडली. गोळी म्हणजे सकाळी एक घोट पाणी, की विसरलं. ही सोबत असते. दिवसभर लाँड्रीत इस्त्रीच्या टेबलापाशी उभी होते आणि वाटत राहिलं, काहीतरी आत उतरतंय. सुती चादरीत ओल उतरते ना, तसं. आवाज नाही, घाई नाही. वाफेने सगळं पांढरं झालेलं — चादरी, भिंत, माझे हात. कुणीतरी चाळीस वर्षं माझ्यावर चुकीच्या घडीची इस्त्री मारली. आता पाणी शिंपडून ती घडी हळूहळू मोडली जातेय.

दोन अभ्रे करपता करपता वाचले.

शनिवार, ९ मार्च

पट्टीची एक कडा सुटली. बोटाने दाबून बसवली.

मंगळवार, १२ मार्च

सकाळी अंगावर पट्टीच नव्हती! वाटलं, अंघोळीत गेली. कामावर पोचले तर मुकादम एक उशीचा अभ्रा झेंड्यासारखा धरून उभा. काल संध्याकाळी हॉटेलात गेलेला, आज तक्रारीसकट परत आलेला. आणि त्याला चिकटलेली — माझी पट्टी.

"काय आहे हे? कुणाचं?"

त्याने चष्मा चढवला. पट्टीवर औषधाचं नाव असतं, बारीक अक्षरांत. इथे येऊन आठ महिने झाले. इथे मी फक्त इस्त्रीवाली ताई आहे, कुणाला काही ठाऊक नाही. मागच्या ठिकाणी एका जुन्या दाखल्यावरून कळलं, तर पंधरा दिवसांत 'माणसं कमी करतोय' म्हणून नारळ दिला. कमी झालं ते एकच माणूस!

तेवढ्यात घड्या घालणारी मावशी उठली. साठी उलटलेली, कामापुरतं बोलणारी. त्याच्या हातातून अभ्रा काढून घेतला.

"माझी आहे. म्हातारपणाची पट्टी. गुडघ्याला लावेन नाहीतर कपाळाला लावेन, तुला काय करायचंय?"

सगळे हसले. मुकादमही. मावशीने पट्टी सोलली, चिकट बाजू आत घेऊन दुमडली, एप्रनच्या खिशात टाकली.

दुपारी तिच्यापाशी गेले. "मावशी, सकाळी तुम्ही —"

तिने चादरीचं टोक माझ्या हातात दिलं. "धर. ओढ."

बुधवार, १३ मार्च

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तुमच्या कामाला पट्टी मानवायची नाही. घामाने सुटते ते एक, आणि उष्णतेने औषध कधी भसकन जास्त उतरतं ते दुसरं. जेल लिहून दिलं.

रविवार, १७ मार्च

जेल. अंघोळ झाली की मांडीवर पातळ पसरायचं, वाळू द्यायचं. तासभर पाणी नको. आणि कुणाचा स्पर्श नको, औषध त्याच्या अंगाला लागतं.

गार असतं. खिडकीतून ऊन येतं, त्यात मांडी ओल्या काचेसारखी चमकते, मग चमक विझत जाते. गेलं आत! रोज मी बघत बसते. शाळेत असताना असंच बघत बसायचे — फरशी पुसल्यावर ती वाळताना. तेव्हा वाटायचं, पूर्ण वाळायच्या आत मनातलं मागितलं तर मिळतं. काय मागायचे ते कुणाला सांगितलं नाही.

आज मात्र गोंधळ. भाची दीड वर्षाची, पायाला मिठी मारायची भारी हौस. दार उघडं राहिलं. ती दुडुदुडु आली, आणि धाकटी किंचाळली — "दादा! सरक ना मागे!"

पोर तिने वरच्यावर उचललं.

थोड्या वेळाने चहाचा कप माझ्यासमोर आला. "ताई, चुकलं गं. घाबरले की जुनं तोंडात येतं."

"लागलं नाही ना तिला?"

"नाही. शिवलीच नाही."

"मग झालं तर."

चहात साखर दुप्पट होती. प्यायले.

सोमवार, १८ मार्च

आता कडी लावून बसते. बाहेर भाची दारावर चापट्या मारते. पाच मिनिटं म्हणजे युग.

सोमवार, २५ मार्च

डॉक्टरीणबाईंना सुईचं विचारून आले. आठवड्यातून एकदा टोचलं की मोकळं, दारावर चापट्या नकोत. पण टोचल्यावर पातळी चढते, पुढच्या सुईआधी उतरते. काहींना तो उतार जाणवतो, काहींना पत्ताही लागत नाही. "तुम्ही त्यातल्या कुठल्या?" त्यांनी विचारलं. मी आज तपासणीला रक्त देताना डोळे मिटून आईला हाका मारल्या, हे नर्सने परस्पर सांगितलं. विषय मिटला.

शुक्रवार, ५ एप्रिल

रिपोर्ट चांगला! पातळी हवी तिथे. जेलच चालू ठेवायचं.

बसने न येता चालत आले. दुकानांच्या काचांत एक बाई माझ्याबरोबर चालत होती, खांद्याला पिशवी, जराशी दमलेली. तीन दुकानं गेल्यावर तिची ओळख पटली.

मावशीला उद्या सांगणार. खोटं बोलून तिने मला वाचवलं, आणि कशापासून ते तिला माहीतही नाही. हे बरं नव्हे. सांगितल्यावर काय होईल ते होवो.

शनिवार, ६ एप्रिल

जेवणाच्या सुट्टीत सांगून टाकलं. सगळं — गोळी, पट्टी, जेल, मी कोण ते. मावशीने डब्याचं झाकण लावलं.

"तुम्हाला निवडायला तरी मिळतं गं," ती म्हणाली. "आमच्या वेळी एकच गोळी, तीही मिळाली तर. मी सुरू केली तेव्हा अठ्ठावीस वर्षांची होते, आणि घरात सगळे मला थोरला म्हणायचे."