तेवीस अर्ज आणि एक निवेदन

२ मे, गुरुवार. दुपारी, दुकानात. गिऱ्हाईक नाही.

आजपासून रोजनिशी. कारण आज मी नेता झालो. पुढेमागे कोणी विचारलं तर तारीख हाताशी असावी.

झालं असं. ठमीच्या शाळेतून पत्र आलं. आमच्या ठमीला कमी ऐकू येतं. दोन्ही कानांत मशीन. तशाच तेवीस मुलांचा वेगळा वर्ग आहे, घरापासून पाच मिनिटांवर. जूनपासून तो वर्ग शहराच्या दुसऱ्या टोकाच्या शाळेत हलवणार. अकरा किलोमीटर, दोन बस बदलून. कारण काय, तर 'जागेचं फेरनियोजन'. फेरनियोजन करणाऱ्यांच्या दाराशी गाड्या उभ्या असतात, त्यांचं काय जातंय. शिक्षण खात्याची फुकट बस आहे, पण सतरा मेच्या पाच वाजेपर्यंत अर्ज देईल त्याच्याच मुलाला.

हिला हॉस्पिटलच्या लाँड्रीत सकाळी सहाची ड्यूटी. मला सकाळ झेपत नाही, प्रकृतीच तशी. म्हणजे बस मिळालीच पाहिजे.

पालकांच्या मीटिंगमध्ये सगळे तोंड पाडून बसलेले. मी उभा राहिलो आणि विचारलं, पुढाकार कोण घेणार. कोणी बोललं नाही. मौन म्हणजे संमती. झालो समन्वयक.

संकल्प: रोज पहाटे पाचला उठून या प्रश्नावर चिंतन.

४ मे, शनिवार

चिंतनाला उद्यापासून सुरुवात.

प्लॅन मात्र तयार. सुटा सुटा अर्ज द्यायचाच नाही. सुटा अर्ज दिला म्हणजे वर्ग हलवायला आपण कबूल, असा अर्थ होतो. सगळे अर्ज एकगठ्ठा, वर माझं निवेदन, आणि थेट अधिकाऱ्यांच्या हातात. निवेदनात दोन मागण्या. वर्ग हलवू नका. हलवलाच तर बस प्रत्येकाच्या कोपऱ्यावर यावी.

सर्वांनी अर्ज भरून माझ्याकडे दिले. जुळ्या मुलांची आई, ती शिंपीणबाई, तेवढी नडली. म्हणाली, खात्याच्या ऑफिसात खिडकी चार नंबरला जाऊन जो तो आपला आपला अर्ज देऊन येईल की, त्यात काय एवढं. तिला एकीचं बळ समजावून सांगितलं. तिने दोन्ही अर्ज दिले, पण पावती मागितली. माणसाचा माणसावर विश्वास राहिलेला नाही. पावती दिली.

६ मे, सोमवार

गजर पाचला झाला म्हणे. ठमीच्या उशीखाली थरथरणारं घड्याळ असतं, तिला तेवढंच कळतं. ती उठली, माझ्या खांद्याला हलवलं, चादर ओढली, आणि थकून परत झोपली. मी सात वीसला उठलो. दोन्ही कान धडधाकट असलेल्या माणसाची झोप गाढच असणार.

निवेदनाचा पहिला ड्राफ्ट सुरू. 'महोदय' इथपर्यंत उत्तम जमला आहे.

९ मे, गुरुवार

ड्राफ्ट तिसरा. अकरा पानं. हिने विचारलं, अर्ज दिले का. म्हटलं, अर्ज ही शेवटची पायरी असते. ती म्हणाली, सतरा तारीखही शेवटचीच आहे. हिला टोमणे छान जमतात, पण दृष्टी नाही. मी चष्म्याच्या दुकानात बावीस वर्षं काढली आहेत, दृष्टी म्हणजे काय ते मला विचारा.

अधिकाऱ्यांपुढे बोलायचा सराव आरशासमोर केला, नुसते ओठ हलवून. ठमी दारात उभी होती हे लक्षात आलं नाही. तिला ओठ वाचता येतात. स्वयंपाकघरात जाऊन तिने आईला सगळं भाषण सांगितलं, शेवटी अधिकारी रडतात तेही. दोघी हसल्या. मी हसलो नाही.

१३ मे, सोमवार

वर्गाच्या बाई दुकानात आल्या, चष्म्याचा स्क्रू ढिला झाला होता. जाता जाता म्हणाल्या, नव्या शाळेत नियम कडक आहे. महिन्यात तीनदा उशीर झाला की मुलाची जागा जाते, प्रतीक्षा यादी लांब आहे. मग मूल साध्या वर्गात, साठ जणांत, मागच्या बाकावर. बसशिवाय वेळेवर पोचणं अवघड आहे, असंही म्हणाल्या.

हा मुद्दा निवेदनात घ्यायचा. पान सात.

संध्याकाळी शिंपीणबाई दारात. अर्ज परत द्या म्हणाली. मी दिले नाहीत. मोळीतली एक काडी काढली की मोळी सुटते. ती मागे फिरून पायऱ्या उतरली. पटलं असावं.

१५ मे, बुधवार

खात्याच्या ऑफिसची पाहणी केली. अधिकारी दौऱ्यावर. शुक्रवारी दुपारी असतील. खिडकी चारच्या कारकुनाने माझी फाइल बघितली आणि म्हणाला, द्या इकडे, शिक्के मारतो, दोन मिनिटांचं काम. मी सांगितलं, हे अर्ज अधिकाऱ्यांच्याच हातात जातील. तो बरं म्हणाला आणि चहा प्यायला लागला. लहान खुर्चीतल्या माणसांना मोठ्या गोष्टी कळत नाहीत.

१७ मे, शुक्रवार. दुपारी १.१०

निवेदन पूर्ण. चौदा पानं. दोनदा मोठ्याने वाचून काढलं.

दुपारी २.३०

प्रिंटवाल्याच्या दुकानात. पान नऊ दोनदा आलं, पान दहा आलंच नाही. अख्खं परत काढायला सांगितलं. प्रिंटवाला म्हणाला, पुढे चार गिऱ्हाइकं आहेत.

३.५०

बसमध्ये. वेळ भरपूर.

४.२५

ऑफिस. अधिकारी मीटिंगमध्ये. शिपाई म्हणाला, बसा. बाकावर बसलो. समोरच खिडकी चार. रांगेत तिघे. कारकून माझ्याकडे बघून हात पुढे करतो आहे. नाही म्हणून मी मान हलवली.

४.४८

मीटिंग चालूच. रांग संपली. खिडकीत जावं का? पण मग निवेदनाचं काय? चौदा पानं कारकुनाच्या ट्रेमध्ये?

४.५५

पाच मिनिटं थांबतो. नेत्याने घाबरायचं नसतं.

५.०४

मीटिंग मागच्या दाराने संपली. अधिकारी त्याच दाराने गेले. खिडकी बंद. मी काचेवर टकटक केली. कारकुनाने आतून घड्याळाकडे बोट दाखवलं.

संध्याकाळी ७

हिने विचारलं, झालं का. मी म्हटलं, झालं. तसं पाहिलं तर निवेदन झालंच आहे. ती बरं म्हणाली आणि मला गरम पोळी वाढली.

२० मे, सोमवार

दहाला खिडकीत हजर. कारकून म्हणाला, मुदत संपली, आता कोणाचाही अर्ज घेता येणार नाही. मी खूप बोललो. निवेदन तेवढं त्याने घेतलं. त्यावर आवक क्रमांकाचा शिक्का मारून मिळाला. म्हणजे प्रकरण अधिकृतपणे दाखल आहे.

अर्ज तेवीसच्या तेवीस परत आणले. दुकानात, फ्रेमच्या रिकाम्या खोक्यांखाली ठेवले.

२३ मे, गुरुवार

शिंपीणबाई दुकानावरून गेली तेव्हा मी काउंटरखाली पडलेला स्क्रू शोधत होतो. दहा मिनिटं शोधला. गिऱ्हाइकानेही वाकून मदत केली.

तेवीस मुलं. एकाचे वडील आंधळे आहेत. एकीची आई रात्रपाळी करून येते. मी त्यांना काय सांगणार? भीती वाटते, दुसरा शब्द नाही. हिला सांगायचं तीनदा ठरवलं. तिन्ही वेळा ती कपडे वाळत घालत होती.

संकल्प: उद्या नक्की सांगणे.

२४ मे, शुक्रवार

आज ती कपडे घड्या घालत होती.

२७ मे, सोमवार. सकाळी ११

रोजनिशीतलं सर्वांत महत्त्वाचं पान. शाळेच्या फाटकावर बसची यादी लागली. लपतछपत गेलो. यादीत नावं आहेत! शिंपीणबाईची जुळी आहेत. आंधळ्या वडिलांचा मुलगा आहे. निवेदनाने काम केलं. अधिकाऱ्यांनी चौदा पानं वाचली असणार आणि मुदत गुंडाळून ठेवली असणार. शब्दात ताकद असते ती अशी. मी फाटकाशी दोन शब्द बोलायला घसा साफ केला, पण लोक पांगले.

११.२०

नावं बावीस आहेत. तीनदा मोजली.

ठमीचं नाही. टायपिंगची चूक. उद्या जाऊन दुरुस्त करून घेतो. ज्याने यादी घडवून आणली त्याच्याच मुलीचं नाव गळावं, याला म्हणतात दिव्याखाली अंधार.

२८ मे, मंगळवार

चूक नाही.

कारकुनाने रजिस्टर उघडून दाखवलं. सोळा तारखेला, म्हणजे माझ्या पाहणीच्या दुसऱ्या दिवशी, एकवीस पालक रांगेत उभे राहिले होते. नवे कोरे अर्ज भरून, जो तो आपला आपला. जुळ्यांचे दोन, म्हणून बावीस. निवेदन कुठे आहे विचारलं. ते ट्रेमध्येच होतं. वर कोणीतरी कप ठेवला होता.

परत येताना शिंपीणबाईच्या दुकानात शिरलो. मला का नाही सांगितलं, विचारलं. ती मशीन थांबवून म्हणाली, तुम्ही एवढे मनापासून धावत होतात, तुम्हाला वाईट वाटलं असतं. मग म्हणाली, तुमच्या घरी मात्र सांगून गेले होते, पंधरा तारखेलाच. कोरा अर्जही नेला होता.

संध्याकाळी हिला सगळं सांगितलं. खोक्यांखालचे अर्जही समोर ठेवले. मला वाटलं ती आकांडतांडव करेल. केलं नाही. ठमीचा अर्ज तेवढा उचलून बघत बसली. तिचीच सही होती त्यावर. मी विचारलं, शिंपीणबाईने कोरा अर्ज आणला होता, मग भरला का नाहीस. ती म्हणाली, मी तिला परत पाठवलं. म्हटलं, हे दुसऱ्यांचं काहीही करतील, पण ठमीचा अर्ज दिल्याशिवाय राहणार नाहीत.

एवढंच बोलली. मग सकाळच्या ड्यूटीचा डबा घासायला गेली.

१० जून, सोमवार

शाळेचा पहिला दिवस. ठमीला आता मीच पोचवणार. परत आणायला ड्यूटी सुटल्यावर ही जाईल.

ठमी तयार होऊन दारात उभी होती. पहिली बस वेळेवर मिळाली. दुसऱ्या बसच्या स्टॉपवर ठमी माझी बाही ओढत होती आणि रस्त्याच्या पलीकडे दाखवत होती. ती रविवारी आईबरोबर एकदा येऊन रस्ता बघून गेली होती. मी तिला म्हटलं, बाबांना माहीत आहे. आलेल्या बसमध्ये चढलो. बस उलट्या दिशेची निघाली. चार स्टॉपनंतर माझ्या लक्षात आलं. ठमीच्या पहिल्यापासून लक्षात होतं.

उतरून धावलो. फाटकाशी पोचलो तेव्हा आठ वाजून सात मिनिटं. शाळा पावणेआठची. खात्याची बस रिकामी होऊन उभी होती, ड्रायव्हर काच पुसत होता. बाई वही घेऊन दारात. मी कारण सांगायला लागलो, वाहतूक, अपुऱ्या पाट्या, खात्याचं नियोजन. बाईंनी ऐकून घेतलं आणि ठमीच्या नावापुढे लाल खूण केली. पहिला उशीर.

ठमी बाईंशी हातांनी काहीतरी बराच वेळ बोलली. मला ती भाषा अजून धड येत नाही, शिकायचं ठरवून सहा वर्षं झाली. बाईंना विचारलं, काय म्हणते. बाई आधी सांगेनात. मग म्हणाल्या, ती म्हणते बाबांवर रागावू नका, त्यांना रस्ता नवीन आहे. उद्यापासून ती पुढे चालेल, तुम्ही तिच्या मागून यायचं. चालेल का, विचारते आहे.

मी मान हलवली. ती आत गेली. अजून दोन उशीर शिल्लक आहेत.