चार बोटांची दुमड

३ नोव्हेंबर

ती. आक्कास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र येऊन महिना झाला आणि उत्तर आज लिहितेय, म्हणून आधीच कान धरते. रागावू नकोस. रागावलीस तरी पत्र पूर्ण वाच, कारण काम आहे.

थंडी सुरू झाली आणि घर एकदम मलूल दिसायला लागलंय. बैठकीचे पडदे विटून पोतेऱ्यासारखे झालेत, खुर्च्यांच्या गाद्यांतून कापूस डोकावतोय, आणि दारात पाऊल टाकलं की माणसाला शाल शोधावीशी वाटते. ह्यांच्या गोदामातल्या नोकरीचं तुला माहीतच आहे, नवीन काही आणायचं म्हटलं की स्वारी वर्तमानपत्रात तोंड खुपसते. तेव्हा आहे त्यातच घर उबदार कसं दिसेल ते सांग. जन्मभर लोकांच्या खिडक्या सजवल्यास, आता धाकट्या बहिणीच्याही सजव.

जरा लवकर सांगितलंस तर बरं. या महिन्यातच सगळं नीटनेटकं व्हावं असं मनात आहे. मागची खोलीही आवरायला काढलीय. तुझीच खोली, म्हटलं तू यायच्या आधी छान दिसू दे.

डोळ्यांत औषध वेळेवर घालतेस ना? तुझा जीव माझ्यावर आहे तसाच राहू दे, एवढंच मागणं.

तुझी,
ठकी

९ नोव्हेंबर

चि. सौ. ठकीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

काम असलं की बरी आठवते आक्का! पण खरं सांगू, पत्र वाचून मी दुकानात एकटीच हसत बसले. समोरच्या चष्मेवाल्यांना वाटलं, बाईचे डोळे गेले आणि आता डोकंही चाललं.

आता ऐक. एक पैसा खर्च न करता निम्मं घर उजळतं. आधी खिडक्यांच्या काचा आतून-बाहेरून पूस, सगळी ऊब तिथूनच येते. सकाळचं ऊन बैठकीच्या ज्या कोपऱ्यात पडतं, तिथे बाबांची आरामखुर्ची ने. आरसा खिडकीसमोर टांग, ऊन दुप्पट होतं. पांढरे दिवे काढून पिवळसर लाव. घट्ट झालेले स्वेटर फेकू नकोस, त्यांच्या उशांना खोळी कर, बाह्या मात्र मला पाठव. जुन्या पँटच्या पायात चिंध्या भरून दोन्ही टोकं शिव आणि ते लोडणं दाराच्या फटीशी ठेव, वारा उंबऱ्याबाहेरच राहील. पलंगाखाली गुंडाळून ठेवलेला गालिचा बाहेर काढ. गालिचा काय पाहुण्यांसाठी वाचवायचा असतो?

पडदे मी शिवते. दुकानात जाड कापडाचे तुकडे उरलेत, जुन्या घोंगड्यांचं अस्तर लावलं की थंडीची बिशाद नाही. प्रत्येक खिडकीचं माप दांडीपासून जमिनीपर्यंत घे, आणि टेप सैल धरू नकोस. खाली चार बोटांची दुमड मी नेहमीसारखी ठेवेन. धुतल्यावर कापड आटतं, तेव्हा दुमड उसवायची की पडदा पुन्हा पुरतो. माझे पडदे लोकांकडे पंधरा-पंधरा हिवाळे टिकतात ते त्या चार बोटांवर.

मागच्या खोलीच्या उत्तरेकडच्या भिंतीची ओल गेली का? बाबांच्या वेळी तिथे हात टेकला की बाही भिजायची. त्या खोलीसाठी मी बारा वर्षांपासून डाळिंबी रंगाचं एक कापड बाजूला ठेवलंय. बाबा गेल्यावर मी कागदावर सही करून घर तुझ्या नावावर होऊ दिलं, तेव्हा तू माझा हात धरून म्हणाली होतीस की मागची खोली आक्काचीच, कायमची. त्याच दिवशी ते कापड निवडलं. आता फेब्रुवारीअखेर दुकान बंद. सुईत दोरा ओवायला चष्मेवाल्यांना हाक मारावी लागते, आणखी किती ताणायचं? घरमालकिणीलाही खोली सोडते म्हणून सांगून टाकलंय.

जन्मलीस तेव्हा लाकडी बाहुलीएवढी होतीस, डोळे तेवढे मोठे. ठकी नाव मीच ठेवलं. त्या बाहुलीच्या घरात आता म्हातारी राहायला येणार. तुझ्या यजमानांना आशीर्वाद सांग, आणि या म्हातारीवरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
आक्का

१७ नोव्हेंबर

ती. आक्कास,
शि. सा. न. वि. वि.

तू म्हणजे जादूगार आहेस! आरसा हलवला आणि बैठक केवढी दिसायला लागली. येणारा-जाणारा प्रत्येक जण म्हणतो की या घरात शिरलं की बसावंसंच वाटतं. परवा एक कुटुंब येऊन तासभर बसलं. लोडण्याला त्यांच्यातल्या आजीबाई मांजर समजल्या.

मापं वेगळ्या कागदावर लिहिली आहेत. टेप ताणून धरली, शपथ. ओल कधीच गेली, तू त्याची काळजी करू नकोस. फक्त ती भिंत बोडकी दिसते. तिथे खिडकी नाही हे मला माहीत आहे, तरी छतापासून जमिनीपर्यंत, या टोकापासून त्या टोकापर्यंत एक भरगच्च पडदा शिवशील का? मोठ्या घरांत भिंतींवर कापड सोडतात म्हणे, ऊब राहते. तुझं डाळिंबी कापड तिथे शोभून दिसेल.

आणि आक्का, दुमड ठेवू नकोस. कापड वाया जातं आणि खालची कड जाड दिसते. नंतर कोण उसवत बसणार? या महिनाअखेरपर्यंत आलं तर फार बरं होईल.

घाई करते म्हणून मनात काही आणू नकोस, आणि माझ्यावरची मर्जी राख.

तुझी,
ठकी

२६ नोव्हेंबर

चि. सौ. ठकीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पार्सल आज रवाना केलं. बैठकीचे चार पडदे, स्वयंपाकघराचा एक, आणि तुझा तो भिंतीचा झगा. बिनखिडकीचा पडदा आयुष्यात पहिल्यांदा शिवला. चष्मेवाले विचारत होते की पडदा सरकवल्यावर दिसणार काय. म्हटलं, माझ्या बहिणीची हौस दिसेल.

डाळिंबी कापड कात्रीखाली घेताना जरा जीव वर-खाली झाला. बारा वर्षं घडी न मोडता ठेवलं होतं. खिडकीला लावायचं मनात होतं, पण तुझी इच्छा भिंतीची, आणि खोली एकच आहे. चुण्या दाट घातल्यात. डोळे चुरचुरत होते म्हणून सहा दिवस लागले, एरवी तीन दिवसांचं काम.

दुमड नको म्हणालीस, तरी ठेवली. हाताला तशी सवयच नाही. आतल्या बाजूला नेहमीची पट्टीही शिवली आहे, दुकानाचं नाव आणि पत्ता. उगाच उसवू नकोस.

शिवणयंत्र कुठे ठेवायचं ते कळव. मला त्या खोलीच्या खिडकीखालची जागा हवी, तिथून रस्ता दिसतो. दुकान बंद झालं तरी हात रिकामे ठेवून मी बसणार नाही, हे तुझ्या यजमानांना आताच सांगून ठेव. यंत्राची खडखड त्यांना सोसावी लागेल. लोभ आहेच, तो पत्राच्या उत्तरातून दिसू दे.

तुझी,
आक्का

२१ जानेवारी

मा. ताई,
स. न. वि. वि.

आपली ओळख नाही. मी रुग्णालयात परिचारिका आहे. डिसेंबरच्या मध्यावर आम्ही हे घर विकत घेतलं. आपला पत्ता डाळिंबी पडद्याच्या आतल्या पट्टीवर मिळाला. सोबत ४ जानेवारीच्या टपाल-शिक्क्याचं, त्याच पत्त्यावरून आलेलं आपलं पत्र परत पाठवते आहे. आमच्या पत्त्यावर आलं, पण आहे ते आपल्या भगिनींना; पडदे बहिणीने शिवले हे त्यांनीच सांगितलं होतं. उघडलेलं नाही.

घर पाहायला आलो तेव्हाच आम्हाला ते आवडलं. पाच-सहा घरं पाहिली, पण अशी ऊब कुठे वाटली नाही. खुर्चीवर ऊन, दाराशी ते कापडी लोडणं, आणि मागच्या खोलीत भिंतभर पडदा. माझी आई तर दाराशीच म्हणाली की आता आणखी घरं बघू नकोस. मागची खोली कुणाची असं मी विचारलं होतं, तेव्हा आपल्या भगिनी म्हणाल्या की कुणाची नाही, पाहुण्यांची आहे. म्हणून आईला तिथेच पलंग घातला.

आईला दम्याचा त्रास आहे. गेल्या आठवड्यात तो फार वाढला. खोलीला वास येत होता, म्हणून पडदा बाजूला केला तर सगळी भिंत ओली, खालचा भाग बुरशीने काळा. पडद्याची खालची कडही भिजून डागाळली आहे. आईला पुढच्या खोलीत हलवलं, आता बरी आहे.

आपल्याला दोष द्यायला लिहीत नाही. एवढं सुंदर काम वाया जाऊ नये म्हणून विचारते: हे कापड गरम पाण्यात धुतलं तर चालेल का? आणि खाली दुमडलेलं कापड बरंच आहे, ते उसवून लांबी वाढवता येईल का? उत्तराची तसदी घ्याल अशी आशा आहे.

आपली नम्र,
घराची नवी मालकीण

२८ जानेवारी

ठकीस,

आशीर्वाद लिहायला घेतला होता, हात पुढे जाईना. तुझा नवा पत्ता मला माहीत नाही, म्हणून हे पत्र गोदामाच्या पत्त्यावर पाठवते आहे. यजमानांनी आधी वाचलं तरी हरकत नाही. त्यांना नवीन असं यात काही नसेल.

घर विकलंस. माझं पार्सल पोचल्यावर पंधरा-वीस दिवसांत. आणि मी इथे रोज टपालवाल्याची वाट पाहत होते, यंत्र खिडकीखाली बसेल की नाही ते कळायला! तू केसाने गळा कापलास, आणि कापड माझंच वापरलंस. गिऱ्हाईक भुलावं म्हणून घर सजवायचं होतं तर तसं सांगायचंस. मी भांडले असते, रडले असते, पण निदान माझ्याच हातांनी माझं घर विकायला मांडलं नसतं. तुला उबदार दिसायला हवं होतं, ऊब नको होती.

दुमड नको म्हणालीस तिथेच मला कळायला हवं होतं. ज्याला त्या घरात पुढचा हिवाळा काढायचा असतो तो दुमड नको म्हणत नाही. तीस वर्षं हेच काम केलं, आणि बहिणीच्या पत्रात तेवढं वाचता आलं नाही. डोळे खरंच गेलेत.

त्या ओल्या भिंतीपाशी एका म्हातारीला तू झोपवलंस. तिला दम लागला तो माझ्या पडद्यापाशी. माझ्या नावाची पट्टी लावलेलं काम आजवर कुणाला फसवायला वापरलं गेलं नव्हतं. त्या बाईंना मी कळवलं आहे की भिंत उघडी ठेवा, ओल आहे हे मला लहानपणापासून ठाऊक होतं, आणि कापड गार पाण्यात धुऊन, दुमड उसवून आईंच्या खिडकीला लावा. ते खिडकीसाठीच होतं.

ठकी हे नाव मी लाडाने ठेवलं होतं ग. ते असं खरं करून दाखवशील असं वाटलं नव्हतं. मला एकच सांग. त्या भिंतीला टेप लावून माप घेत होतीस, तेव्हा खोली कुणाची आहे हे तुझ्या मनात आलं होतं का?

आक्का

६ फेब्रुवारी

ती. आक्कास,
शि. सा. न. वि. वि.

गोदामातून इकडे पाठवलेलं तुझं पत्र वाचून दोन दिवस जेवले नाही. इतकं टाकून बोलावंस असं मी काय केलं? ह्यांची बदली झाली, इकडे घर घेणं भाग होतं. हे म्हणाले, आक्कांना आधी कळलं तर त्या येऊन बसतील आणि व्यवहार मोडेल. मी तुला प्रत्यक्ष भेटीत सांगणार होते. पत्रात लिहायचा धीर झाला नाही, एवढाच माझा गुन्हा. भिंतीचं म्हणशील तर आपण दोघी त्याच घरात वाढलो, आपल्याला काही झालं का?

इथे दोनच खोल्या आहेत, चौथा मजला. तू आलीस तर बैठकीत गादी घालता येईल, पण कायमचं कसं जमणार ते तूच बघ. तुझी घरमालकीण चांगली बाई आहे, सांगून पाहा.

आता राग सोड. रक्ताची माणसं किती दिवस अबोला धरणार? तू आईच्या जागी आहेस. इथे खिडक्या थेट रस्त्यावर उघडतात, समोरच्या इमारतीतून सगळं दिसतं, आणि थंडी अजून महिनाभर तरी हटणार नाही. तुझ्या हातचे पडदे असल्याशिवाय मला घर घरासारखं वाटत नाही. दुकान बंद करण्याआधी एवढं करशील ना? मापं मागच्या पानावर लिहिली आहेत. या वेळी दुमड ठेव. आम्हाला इथे बरीच वर्षं काढायची आहेत.

चुकलं असेल ते पोटात घाल, आणि माया कमी करू नकोस.

तुझी लाडकी,
ठकी

१४ फेब्रुवारी

सौ. बाईंना,
स. न. वि. वि.

आपलं पत्र मापांसह पोचलं. मापं याच पाकिटात परत पाठवली आहेत. आपलं काम घेता येत नाही, तसदीबद्दल क्षमा असावी.

दुकान ठरल्याप्रमाणे महिनाअखेर बंद होईल. माझी खोली घरमालकिणीने आधीच दुसऱ्या कुणाला कबूल केली आहे, त्यामुळे राहण्याचा पत्ता अजून ठरायचा आहे. तो आपल्याला लागेल असं कारण दिसत नाही. मी पत्रात एक प्रश्न विचारला होता. त्याचं उत्तर आपल्या पत्रात नव्हतं, तरी मिळालं.

आपल्या खिडक्या रस्त्यावर उघडतात असं आपण कळवता. तूर्त जुन्या चादरी लावाव्यात, आतलं दिसत नाही.

कळावे. पुढची लोभाची ओळ सवयीने लिहिली गेली होती, ती खोडली आहे. खाडाखोडीबद्दल राग नसावा.

पडदे शिवणारी